नदीच्या जागी मोटारी

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कात १९७१ पासून एक नदी होती. माणसांनी खणलेली, मधोमध टॉम सॉयरच्या नावाचं बेट असलेली, मागच्या चाकाने पाणी उडवत जाणारी आगबोट अंगावर मिरवणारी. जुलै २०२५ मध्ये नदी, बेट आणि बोट तिन्ही बंद झाली. त्या जागेवर ‘कार्स’ या चित्रपटातल्या बोलक्या मोटारींचा परिसर उभा करायचं ठरलं आहे. ‘कार्स’ पिक्सारचा, आणि पिक्सार ही डिस्नेने २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरला घेतलेली कंपनी. पुढे २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये लुकासफिल्म, २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग. या खरेद्या पार्कांच्या जमिनीवर दिसू लागल्या, तसा आमच्या घरात एक वाद सुरू झाला.

माझी आत्या मराठी रंगभूमीवर नेपथ्यकार होती. दादा न्यू जर्सीत असतो. एका कंपनीला दुसरी घ्यायची असेल तर तिची किंमत काय धरावी, हे काढून देणं त्याचं काम. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी ज्येष्ठांना ऑर्लँडोला नेण्याची पद्धतच आहे, तसं दादाने आत्यालाही नेलं. तिने मात्र ती पार्कं विंगेतून प्रयोग पाहावा तशी पाहिली. जोड कुठे आहे, प्रकाश कुठून येतो, हे शोधत. विकत घेतलेल्या गोष्टींवर पार्कांनी नव्या राइड बांधाव्यात का, यावर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. मध्ये मध्ये माझं मतही येईल. ते मी झाकलेलं नाही.

दादा : राइडला चित्रपटाचा हिशेब लागू होत नाही, आत्या. चित्रपट पडला तर दोन आठवड्यांत थिएटरातून उतरतो. राइड पडली तर ती वीस-तीस वर्षं डोळ्यांसमोर उभी राहते आणि देखभालीचा खर्च चालूच राहतो. कोट्यवधी डॉलर आधी जमिनीत घालायचे आणि मग लोक येतात का ते बघायचं. ज्या नावावर लोकांचा आधीच जीव आहे ते हाताशी असताना अनोळखी नाव कुणी का घ्यावं? आणि याचा अनुभव आलेला आहे. २००१ मध्ये डिस्नेने कॅलिफोर्नियात दुसरं पार्क काढलं, कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. ओळखीची पात्रं फारशी नव्हती. विषय होता ते राज्यच. लोक फिरकेनात. शेवटी एक अब्जाहून जास्त डॉलर ओतून ते सुधारावं लागलं, आणि २०१२ मध्ये ‘कार्स लँड’ उघडलं तेव्हा कुठे त्या पार्कात जीव आला.

आत्या : त्याच पार्कात पहिल्या दिवसापासून लोक कशासाठी रांगा लावत होते? ‘सोअरिन’साठी. झोपाळ्यासारख्या आसनात बसवून वर उचलतात, पाय हवेत लोंबतात, समोर भला मोठा वळलेला पडदा आणि पायांखालून कॅलिफोर्निया सरकत जातो. संत्र्यांच्या बागांवरून जाताना संत्र्यांचा वास येतो. तिच्यामागे कुठला चित्रपट नाही, पात्र नाही. तीच राइड पुढे फ्लोरिडात, शांघायला, टोकियोला गेली. मग ते पार्क पात्रांवाचून पडलं म्हणायचं, की बाकीचं सगळं हात आखडून बांधलं होतं म्हणून पडलं म्हणायचं?

दादा : दोन्ही असेल. पण सावरलं ते मोटारींनी.

आत्या : सावरलं. आणि मला ते आवडलंही. लालसर दगडांचे डोंगर, जुन्या महामार्गावरचं गाव, संध्याकाळी एकेक करून लागणारे निऑनचे दिवे. सेट म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण ते बांधलं कुठे, ते बघ. वाहनतळावर. काही पाडावं लागलं नाही.

माझ्या मते वादातला खरा मुद्दा इथेच आला. ‘कार्स’च्या परिसराला आत्याने एके ठिकाणी दाद दिली आणि दुसऱ्या ठिकाणी ती त्याच्या विरोधात उभी आहे. गोष्ट तीच, खरेदी तीच. फरक आहे तो ती कशाच्या जागी आली याचा.

दादा : पण ती नदी काय होती, सांग. खणलेला कालवा. बोटीची वाट पाण्याखालच्या रुळाने ठरलेली. माझ्या मुलीने त्या बोटीत बसू या, असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

आत्या : खोटेपणाचं मला सांगू नकोस, माझा जन्म प्लायवूडच्या भिंती उभ्या करण्यात गेला. बोट मात्र खरोखर वाफेवर चालायची. आणि नदी तिथे कशासाठी होती, ते काठाने चालल्यावर कळायचं. एका टोकाला लिबर्टी स्क्वेअर, म्हणजे वसाहतींच्या काळातली अमेरिका. पुढे फ्रंटियरलँड, पश्चिमेकडे सरकत गेलेली अमेरिका. दोन्ही काळांना शेजारी धरून ठेवणारी ती एकच गोष्ट होती. शिवाय त्या पार्कात रांग न लावता बसता येईल अशा जागा किती आहेत? बेटावर मुलं नुसती पळायची. तिथे नेपथ्याचं काम विसाव्याचं होतं. प्रत्येक प्रवेशात टाळ्या मागायच्या नसतात.

दादा : ती नदी जगातून गेलेली नाही. कॅलिफोर्नियात आहे, टोकियोत आहे, पॅरिसलाही तशीच आहे.

आत्या : कॅलिफोर्नियातली २०१६ मध्ये बंद करून आखूड केली, ‘स्टार वॉर्स’ला जागा हवी होती म्हणून. तीही खरेदीच, लुकासफिल्मची.

दादा : ‘स्टार वॉर्स’बद्दल मला बोलू दे, कारण तिथे मी हिशेबनीस नाही. मी ते पुण्यात केबलवर पाहिलं, अर्धं न कळता. माझ्या मुलीने न्यू जर्सीत पाहिलं, वर्गातल्या मुलांबरोबर. आमच्या दोघांच्या लहानपणात सामायिक असं फार थोडं आहे. तिला गणपतीच्या मांडवातली रात्र माहीत नाही, मला तिच्या शाळेची बस माहीत नाही. ‘गॅलक्सीज एज’ या त्यांच्या ‘स्टार वॉर्स’च्या परिसरात कमानीतून आत गेलो आणि ते खऱ्या मापाचं यान समोर दिसलं, तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी थांबलो. ओळखीच्या गोष्टीवर बांधण्याचा हा अर्थ आहे. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या देशांत वाढलेली माणसं आधीच ती गोष्ट मनात घेऊन आलेली असतात. नव्या राइडला हे सगळं दहा मिनिटांत निर्माण करावं लागतं. बहुतेकींना ते जमत नाही.

आत्या : हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण तू ज्या कमानीतून गेलास ती जागा कुठल्या चित्रपटातली? कुठल्याच नाही. बाटू नावाचा ग्रह त्या पार्कासाठी नव्याने रचला. चौदा एकरांची ती वस्ती नेपथ्यकारांनी उभी केली, तिचा बाजार, तिच्या भिंतींवरचे ओरखडे. विकत घेतलेल्या गोष्टीतही त्यांनी स्वतःसाठी मोकळी जागा काढली, म्हणून ती जागा श्वास घेते. फॉक्स डिस्नेकडे यायच्या आधीच ‘अवतार’चे हक्क परवान्याने घेतले होते, आणि २०१७ मध्ये ॲनिमल किंगडममध्ये पँडोरा उभं राहिलं. तिथेही तेच. चित्रपटातल्या नायकाला शोधत तिथे कुणी फिरत नाही. झाडं, पाणी, रात्री उजळणारी जमीन. प्राण्यांच्या आणि निसर्गाच्या पार्कात ते बसतंही.

दादा : मग तुझी तक्रार आहे तरी काय?

आत्या : एकाच यंत्राची तीन नाटकं सांगते, मग कळेल. उंच हॉटेल, आत लिफ्ट, लिफ्ट वरून कोसळते. पहिलं फ्लोरिडात, १९९४. ‘टॉवर ऑफ टेरर’.

दादा : तेही उसनंच. ‘ट्वायलाइट झोन’ ही जुनी दूरचित्रवाणी मालिका, तिचे हक्क दुसऱ्यांकडून घेतले होते.

आत्या : उसनं आणण्याला माझा विरोधच नाही. वॉल्ट डिस्नेने स्नो व्हाइट ग्रिम बंधूंकडून घेतली, पीटर पॅन बॅरीकडून. पण ती मालिका का घेतली, ते बघ. पार्काचा विषय हॉलिवूडचा जुना सुवर्णकाळ. त्यातल्या रस्त्याच्या टोकाला हे हॉटेल. १९३९ मधल्या एका रात्री वीज पडते आणि लिफ्टमधली माणसं नाहीशी होतात. ही भीती सांगायला त्या मालिकेचा सूर हवा होता. आधी जागा होती, मग तिच्यासाठी गोष्ट आणली. दुसरं नाटक टोकियोचं, डिस्नेसीमधलं, २००६. तिथे ती मालिका घेतलीच नाही. स्वतःची गोष्ट रचली. हॅरिसन हायटॉवर नावाचा न्यूयॉर्कचा धनाढ्य, जगभरातून लोकांच्या मूर्ती, देव, कलावस्तू उचलून आणून हॉटेलात मांडणारा. काँगोतून आणलेल्या एका मूर्तीची तो थट्टा करतो आणि १८९९ च्या शेवटच्या रात्री लिफ्टमधून गायब होतो. आपण १९१२ मध्ये ते बंद हॉटेल बघायला जातो. अरे, ज्या देशातल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांत जाऊन बसल्या, त्या देशातला माणूस या गोष्टीला नुसता घाबरून बाहेर येत नाही. काहीतरी घेऊन येतो. तिच्यामागे कुठलं विकत घेतलेलं नाव नव्हतं.

दादा : आणि तिसरं?

आत्या : कॅलिफोर्नियातलं. तिथलं टॉवर २०१७ मध्ये मार्व्हलच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ला दिलं. तेच हॉटेल, त्यावर नळ्या आणि सोनेरी पत्रे चढवले. आता ते म्हणे अंतराळातल्या एका संग्राहकाचा किल्ला. आत गाणी चांगली आहेत, लिफ्ट पूर्वीपेक्षा जास्त उसळते.

दादा : आणि लोक हसत बाहेर येतात. मी बघितलंय. टोकियोच्या गोष्टीचं तू म्हणतेस ते सगळं खरं असेल, पण दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला ते हसूही हवं असतं.

आत्या : हवं असतंच. पण ती इमारत तिथे का आहे, याचं उत्तर आता उरलेलं नाही. पहिल्या दोन नाटकांत होतं.

दादाची बाजू इथे कमकुवत वाटेल, म्हणून एक सांगायला हवं. परवान्याने किंवा खरेदीने घेतलेल्या गोष्टींनी पार्कांच्या कारागिरीची पातळी उंचावली आहे, यात शंका नाही. डिस्नेच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने २०१० मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडून परवाना घेऊन हॅरी पॉटरचं गाव ऑर्लँडोत उभं केलं. अरुंद रस्ते, छोटी दुकानं, बर्फाने झाकलेली छपरं. व्यवस्थापनाला सोयीच्या मोठ्या दुकानांपेक्षा गोष्टीचं माप मोठं मानलं गेलं. लोक बटरबिअर प्यायला रांगा लावू लागले आणि त्या पार्काची गर्दी एकदम वाढली. त्यानंतर ‘एवढं नेमकं बांधलं नाही तर चालणार नाही’ हे सगळ्यांनाच कळलं. गोष्टीचा मालक बाहेरचा आणि हट्टी असेल तर पार्कावर धाक राहतो. गोष्ट स्वतःच्या मालकीची झाली की तो धाक जातो, असं मला वाटतं, आणि खरेदीच्या बाजूने बोलताना याचा विचार फारसा होत नाही.

दादा : मालकीचे फायदेही बघ. परवाना संपतो. मालक बदलतो. मार्व्हलचंच उदाहरण घे. युनिव्हर्सलने १९९४ मध्ये करार केला आणि १९९९ मध्ये मार्व्हलचं बेट उघडलं. दहा वर्षांनी डिस्नेने अख्खी मार्व्हल घेतली, तरी तो करार अजून जिवंत आहे. फ्लोरिडात डिस्नेला स्वतःच्या पार्कात ॲव्हेंजर्सची राइड बांधता येत नाही. म्हणून एप्कॉटमध्ये ‘गार्डियन्स’ आले.

आत्या : तू माझंच काम केलंस. एप्कॉट १९८२ मध्ये विज्ञान आणि जगातले देश यांच्यासाठी उघडलं. तिथे ऊर्जेवर एक दालन होतं. अख्खं प्रेक्षागृह तुकड्यांनी सुटून पुढे सरकायचं, डायनासोरांच्या जंगलातून जायचं, छतावर सौर पट्ट्या होत्या. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि २०२२ मध्ये तिथे ‘गार्डियन्स’ची कोस्टर आली. का? विज्ञानाच्या पार्काला त्या गोष्टीची गरज होती म्हणून नव्हे. करारात जी पात्रं मोकळी होती त्यांतली ती होती म्हणून. कुठली गोष्ट कुठे बसेल हे वकिलांच्या कागदाने ठरलं.

दादा : ऊर्जेचं दालन एक्सॉनच्या पैशावर सुरू झालं होतं, आत्या. तेल कंपनी मुलांना ऊर्जेबद्दल सांगणार. त्यापेक्षा अंतराळातली पात्रं मला अधिक प्रामाणिक वाटतात. ती काही शिकवण्याचा आव आणत नाहीत. आणि ती कोस्टर तू बघितलीस. डबा स्वतःभोवती फिरतो आणि तुझं तोंड गोष्टीकडे वळवतो. तसं आधी डिस्नेत कुठे होतं?

आत्या : एक्सॉनचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोस्टरही उत्तम आहे. ती मोकळ्या जमिनीवर बांधली असती तर मी काही बोलले नसते.

एक भर माझी. एप्कॉटच्याच नॉर्वे विभागात नॉर्वेचा समुद्र आणि त्याच्या दंतकथा सांगणारी बोटीची राइड १९८८ पासून होती. २०१४ मध्ये ती बंद करून तिथे ‘फ्रोझन’ आणलं. ‘फ्रोझन’ डिस्नेचं स्वतःचं, कुणाकडून घेतलेलं नाही. पण त्यातलं राज्य काल्पनिक, आणि खऱ्या देशाच्या दालनात ते जाऊन बसलं. म्हणजे आत्या ज्या दुखण्यावर बोट ठेवते आहे ते केवळ खरेदीचं नाही. खरेदीने ते वाढतं एवढंच. अब्जावधी मोजून आणलेली गोष्ट दिसली पाहिजे, हा दबाव रिकाम्या जमिनीची वाट बघत नाही.

आत्या : आता मपेट्सचं ऐक. हे मला सगळ्यात लागलं. त्या बाहुल्यांचा निर्माता जिम हेन्सन १९९० च्या मे महिन्यात गेला. त्याआधी डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कासाठी मपेट्सचा त्रिमिती खेळ तो करत होता. बरोबर एक वर्षाने, १६ मे १९९१ ला, तो खेळ सुरू झाला. तो नुसता चित्रपट नव्हता रे. सज्जात दोन म्हातारी बाहुली-माणसं बसून शेरे मारायची. मागे यंत्राच्या खोलीत स्वीडिश आचारी असायचा. शेवटी तो तोफ डागायचा आणि थिएटरच्याच भिंतीला भगदाड पडायचं. म्हणजे पडदा, सज्जा, भिंत, प्रेक्षकाची पाठ, सगळं संहितेत होतं. असं काम दुसऱ्या इमारतीत हलवता येत नाही. पुढे २००४ मध्ये डिस्नेने मपेट्स विकत घेतले. आणि जून २०२५ मध्ये हा खेळ बंद केला, का तर तिथे ‘मॉन्स्टर्स’चा परिसर व्हायचाय. पिक्सारचा.

दादा : मपेट्सना त्यांनी दुसरी राइड दिली आहे.

आत्या : पात्रांना दिली. हेन्सनच्या त्या कामाला नाही. तुमच्या हिशेबात पात्र ही मालमत्ता आहे, ती हलवता येते. काम मालमत्तेत धरलं जात नाही. म्हणून एक खरेदी दुसऱ्या खरेदीला खाते आणि ताळेबंदात काहीच कमी झालेलं दिसत नाही.

दादा या वाक्यावर बराच वेळ अडून राहिला. ताळेबंदाची ही चूक त्याला मान्य होती, पण पार्क हे संग्रहालय नव्हे हेही तो सोडायला तयार नव्हता. चौतीस वर्षं एकच खेळ, रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या. कधीतरी पडदा पडायचाच. त्याचं हे म्हणणं मला रास्त वाटतं. पडदा कोणत्या कारणाने पाडायचा, एवढाच प्रश्न उरतो.

दादा : बरं, आपल्याकडे ये. खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वर राइड आहे. तिला तू नावं ठेवशील?

आत्या : मुळीच नाही. ज्याने तो चित्रपट लहानपणी पाहिला त्याला तिथे जाऊ दे. पण त्याच पार्कात राजासॉरसच्या नावाची पाण्यातली राइड आहे. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली तो आपला डायनासोर. ती करणाऱ्याला कुणी तयार नाव हातात दिलं नव्हतं. मला दोन्ही हव्यात. पहिलीच्या सोयीमुळे दुसरी सुचायची बंद होऊ नये, एवढंच.

दादा : सुचायचं बंद का होईल?

आत्या : कारण सुचण्यालाही सराव लागतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १९६७ ची राइड. वॉल्ट डिस्नेने स्वतः लक्ष घालून करवून घेतलेली, तो गेल्यावर तीन महिन्यांनी उघडलेली. त्याआधी त्या नावाचा चित्रपट नव्हता, पुस्तक नव्हतं. छत्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, तिच्यावरून चित्रपट निघाला. तुम्ही ज्याला आज फ्रँचाइज म्हणता ती पार्कातल्या माणसांनी रंग, लाकूड आणि पाणी हाताळता हाताळता केली. २००६ मध्ये एव्हरेस्टची राइड केली, तेव्हा डिस्नेचा रचनाकार जो रोडी आणि त्याची माणसं नेपाळला जाऊन आली. तिच्यामागेही चित्रपट नव्हता. रांगा आजही आहेत. तेव्हा ‘अनोळखी नावाला कोण येणार’ हे मला सांगू नकोस.

दादा : तू निवडक यश मोजतेस.

आत्या : तूही. ‘स्टार वॉर्स’चं ते जहाजासारखं हॉटेल, दोन रात्रींचं, दोघांना जवळपास ४८०० डॉलर. २०२२ मध्ये उघडलं, २०२३ मध्ये बंद. नाव तर जगातलं सगळ्यात ओळखीचं होतं.

दादा : ठीक. माझ्या भाषेत मांडतो. ‘पायरेट्स’च्या पाच चित्रपटांचा जगभरातला गल्ला साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास आहे. गल्ला म्हणजे नफा नव्हे, पण ती गोष्ट कुणाकडून विकत घ्यावी लागली नव्हती. २०२३ मध्ये डिस्नेने दहा वर्षांत पार्कं आणि जहाजांवर साठ अब्ज घालू असं जाहीर केलं. त्यातला थोडा वाटा मूळ कल्पनांसाठी वेगळा काढावा, हे मी कुठल्याही संचालक मंडळापुढे मांडीन. अट एकच. त्याला राइडचा खर्च म्हणायचा नाही, संशोधनाचा म्हणायचा. त्यातल्या तीन पडल्या तरी कुणी विचारणार नाही.

आत्या : तसा धर. पण मंदी आली की पहिला कुठला खर्च कापतात?

दादा : संशोधनाचा.

आत्या : मग तो वेगळ्या खात्यात ठेवू नकोस. ज्या जमिनीवर विकत घेतलेली गोष्ट बांधशील, त्याच अंदाजपत्रकात तो धर. मोटारींचा डोंगर बांधायचा तर त्याच आराखड्यात कुणाच्याच मालकीची नसलेली एक नवी गोष्ट असली पाहिजे. त्याशिवाय परवानगी नाही.

दादा : हे मंडळ मान्य करणार नाही.

आत्या : तू मांडून तर बघ.